एक वर्ष देऊन बघू?

प्रश्न (पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत)

मी २२ वर्षांची आहे. सांख्यिकी घेऊन यंदाच पदवी पूर्ण केली. विद्यापीठातली सगळी वर्षं नाटकातच गेली असं म्हटलं तरी चालेल. शेवटच्या वर्षी स्पर्धेत अभिनयाचं पहिलं पारितोषिक मिळालं. मला अभिनयच करायचा आहे. पण एका कंपनीत विश्लेषकाची नोकरीही मिळाली आहे आणि दीड महिन्यात रुजू व्हायचं आहे. आई-बाबा म्हणतात, 'एक वर्ष देऊन बघ, नाही जमलं तर नोकरीला लाग.' माझ्याबरोबर नाटकं करणारा मित्र सगळं सोडून मोठ्या शहरात गेलाय. तो म्हणतो, 'नोकरी धरलीस की संपलीस.' नाट्यशिक्षण घ्यायचं तर तीन वर्षं जातील, तोवर मी पंचविशीची होईन. त्यातच एका कास्टिंग एजन्सीने माझे फोटो बघून मालिकेत काम द्यायची तयारी दाखवली आहे, पण नोंदणीचे आणि पोर्टफोलिओचे पैसे आधी भरायचे आहेत. मी नोकरी नाकारू का? आणि खरं सांगा, माझ्यात तेवढी गुणवत्ता आहे का?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात पारितोषिकाबद्दल एकच ओळ आहे. एका तालमीबद्दल मात्र तू पानभर लिहिलं आहेस. त्या प्रवेशात वडिलांचं पत्र वाचून ते टेबलावर ठेवायचं, एवढीच कृती होती, पण ते कसं ठेवायचं यात तुमची अख्खी संध्याकाळ गेली. आपटलंस तर राग फार सोपा वाटत होता. नीट घडी घालून ठेवलंस तर मुलीने वडिलांना आधीच माफ केल्यासारखं दिसत होतं. शेवटी पत्र तुझ्या हातातच राहिलं, तू धाकट्या भावाशी त्याच्या परीक्षेबद्दल बोलत राहिलीस आणि बोलता बोलता कागदाची कड अंगठ्याने दुमडत राहिलीस. दिग्दर्शक म्हणाले, 'हे ठेव.' सारांशातून हा भाग मी मुद्दाम बाहेर ठेवला, कारण उत्तर देताना मला त्याचीच जास्त गरज लागणार होती.

आधी घाईची गोष्ट. त्या एजन्सीला एक पैसाही देऊ नकोस. कास्टिंग करणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे निर्माता देतो. एजंट किंवा मॅनेजर असेल तर तो तुला मिळालेल्या मानधनातून ठरलेला टक्का घेतो, म्हणजे तुला काम मिळालं तरच त्याची कमाई होते. काम मिळायच्या आधीच नोंदणी, ओळखपत्र, पोर्टफोलिओ, 'सक्तीचं वर्कशॉप' अशा नावांनी पैसे मागणाऱ्याची कमाई तुझ्याकडूनच होऊन जाते. पुढे तुला काम मिळालं काय आणि न मिळालं काय, त्याला फरक पडत नाही. फोटो काढून घ्यायचेच असतील तर फोटोग्राफर तू निवड. निर्मितिसंस्थेचं आणि कास्टिंग दिग्दर्शकाचं नाव विचार, आणि त्यांच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून खात्री करून घे. खरी माणसं अशा चौकशीचा राग धरत नाहीत. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत आहे, रात्री उशिरा आहे, 'एकटीच ये' असा निरोप आहे, तर जायचं नाही. संधी हुकेल अशी भीती वाटली तरी जायचं नाही. मुलांनाही हे तितकंच लागू आहे.

आता ते एक वर्ष. आई-बाबांनी ते मनापासून दिलं आहे, त्यात मला शंका नाही. पण वर्षभरात नेमकी कशाची परीक्षा होणार आहे? पहिल्या वर्षी तुला कुणी ओळखत नसतं. ऑडिशन कुठे होतात, कुणाचा शब्द चालतो, आपल्याला कोणत्या प्रकारच्या भूमिकांसाठी बोलावतात, हे उमगण्यातच कित्येक महिने जातात. एखादी छोटी भूमिका मिळाली तर ती लोकांसमोर यायला आणखी काही महिने लागतात, आणि मानधन हातात पडायला कधीकधी त्याहूनही जास्त. वर्ष संपताना 'जमलं नाही' असं दिसेलही, पण त्यावरून तुझ्या अभिनयाबद्दल काही ठरवता येणार नाही. याची उलट बाजूही आहे. दुसऱ्याच महिन्यात मालिका मिळाली म्हणून पुढची दहा वर्षं मार्गी लागली असं होत नाही. मालिका बंद पडते आणि नट पुन्हा ऑडिशनच्या रांगेत उभा राहतो. चांगल्या, नावाजलेल्या नटांच्या वाट्यालाही बिनकामाचे महिने येतात. या व्यवसायाचा स्वभावच तसा आहे. त्यामुळे ते रिकामे महिने तू कसे घालवशील, पैशाने आणि मनाने, हे आधी ठरवावं लागतं.

वर्षाच्या मुदतीत आणखी एक अडचण आहे. मी ऑडिशनच्या टेबलामागे बसले आहे, म्हणून सांगते. खोली अगदी साधी असते. जमिनीवर चिकटपट्टीची खूण, समोर कॅमेरा, बाजूला एखादा दिवा. खुणेवर उभं राहायचं, नाव आणि उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची, आणि मग दीड-दोन पानांचा प्रवेश. ती पानं आदल्या रात्री हातात पडलेली असतात, कधी तर तासाभरापूर्वी. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला कुणीतरी सपाट आवाजात वाचतो, कारण सकाळपासून तो तीच वाक्यं वाचतो आहे. काही मिनिटांत सगळं आटोपतं. निवड न होण्याची कारणं बहुतेक वेळा तुझ्या हाताबाहेरची असतात. आईच्या भूमिकेसाठी ठरलेल्या अभिनेत्रीशी चेहरा जुळत नाही, तारखा हलतात, किंवा ती भूमिकाच कापली जाते. तुझ्या हातात एवढंच असतं, की त्या सपाट आवाजालाही खरोखर ऐकून उत्तर देता येतं का. 'हे मिळालं नाही तर माझं वर्ष गेलं' हा हिशेब डोक्यात असलेला माणूस ऐकत नाही. तो स्वतःला दाखवत राहतो, आणि कॅमेऱ्यात ते लगेच कळतं. त्या तालमीत तू भावाशी बोलत होतीस, तुझं दुःख कुणाला दाखवत नव्हतीस. ते तुला ऑडिशनच्या खोलीत करता यायला हवं असेल, तर डोक्यावरचं भाड्याचं आणि मुदतीचं ओझं शक्य तितकं कमी असायला हवं.

म्हणून माझा कल स्पष्ट सांगते. नोकरी घे. ही नाही जमली तर दुसरी घे.

तुझा मित्र यावर नाराज होईल. त्याने केलं ते धाडसाचं आहे आणि कदाचित त्याच्यासाठी योग्यही असेल. पण 'नोकरी धरलीस की संपलीस' हे त्याचं वाक्य रंगभूमीच्या इतिहासात टिकत नाही. आज जगभर अभिनय शिकवताना ज्यांच्या विचारांपासून सुरुवात होते ते स्तानिस्लाव्हस्की मॉस्कोतल्या कारखानदार घराण्यातले. अलेक्सेयेव हे त्यांचं खरं आडनाव. सोन्या-चांदीच्या जरीचा घरचा कारखाना सांभाळत ते हौशी नाटकं करायचे, आणि रंगमंचावर वावरण्यासाठी त्यांनी वेगळं नाव घेतलं होतं. १८९८ साली नाटककार-दिग्दर्शक नेमिरोविच-दान्चेन्को यांच्याबरोबर त्यांनी मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. कारखान्याची जबाबदारी त्यानंतरही त्यांच्यावर होतीच. आपल्याकडे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. वैद्यकीचं शिक्षण घेतानाच ते नाटकं करू लागले, पुढे डॉक्टरकी आणि नाटक दोन्ही चाललं, मध्ये काही वर्षं आफ्रिकेत डॉक्टरकीही करून झाली, आणि चाळिशी गाठल्यानंतर, १९६९ साली, ते पूर्णवेळ नट झाले. अमोल पालेकर बँकेत नोकरी करत नाटकं करत होते.

या नावांनी तुला भुलवायचं नाही. नोकरी सांभाळून नाटक केलेल्या आणि पूर्णवेळ नट कधीच न झालेल्या माणसांची नावं आपल्याला माहीत नसतात, आणि ती संख्येने कितीतरी जास्त आहेत. सगळं सोडून गेलेल्या आणि हाती काही न लागलेल्यांचंही तसंच. पण या तिघांकडे बघून एक दिसतं. मधल्या वर्षांत त्यांची तालीम थांबली नव्हती. डॉ. लागू चाळिशीत एका सकाळी उठून नट झाले नाहीत, तेव्हा त्यांच्यामागे पंधरा-वीस वर्षांचं नाटक होतं.

तेव्हा नोकरी कोणती, हे महत्त्वाचं. संध्याकाळ मोकळी सोडणारी नोकरी हवी. नियुक्तिपत्र नीट वाच. कामाची वेळ कागदावर काय आहे ते बघच, पण तिथे काम करणाऱ्या एखाद्या कनिष्ठ माणसाला गाठून प्रत्यक्षात किती वाजता सुटतात तेही विचार. अर्ध्या दिवसाची रजा मिळते का? अमुक वर्षं सोडता येणार नाही असा करार आहे का? नोटिशीचा काळ किती? आणि बहुतेक जण वाचत नाहीत ते कलम: नोकरीत असताना बाहेर मानधनाचं काम करायला मनाई आहे का? असेल तर रुजू होण्याआधीच नाटकासाठी लेखी परवानगी माग. त्या वेळी मागणं सोपं जातं, नंतर तीच गोष्ट लपवाछपवीची होते. रोज रात्री नऊ वाजवणारी आणि रविवारीही फोन करणारी नोकरी असेल तर मात्र ती सोडून दे आणि कमी पगाराची, ठरल्या वेळेची शोध. तुझ्या विषयात पुढे सुटी कामं घेऊन स्वतःच्या वेळेवर काम करणंही जमण्यासारखं आहे. पदवी वाया गेली असं तू लिहिलं नाहीस, पण ओळींमधून ते जाणवलं. या पदवीमुळे तुला नको ती भूमिका नाकारायची सोय होणार आहे, आणि नटाला ही सोय फार थोड्या वेळा मिळते.

नोकरीतला खरा धोका मित्राला वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे. पगार वाढतो, त्यामागे राहणी वाढते, हप्ते सुरू होतात, आणि तीन वर्षांनी नोकरी सोडणं परवडत नाही. यावर एकच उपाय मला ठाऊक आहे. पहिल्या पगारात जसं राहतेस तसंच पुढेही राहा आणि वरची रक्कम बाजूला टाक. वर्षभराचा खर्च शिल्लक पडला की तुझ्या हातात खरं एक वर्ष येईल, कुणी सवलत म्हणून दिलेलं नाही. सोडायची वेळ कधी, हेही तेव्हा आपोआप दिसायला लागतं. पैसे देणारी कामं येऊन रजा पुरेनाशा झाल्या, आणि एकदा काम दिलेल्यांनी पुन्हा बोलावलं, की समजावं. दुसऱ्यांदा येणारं बोलावणं मला पारितोषिकापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं, कारण बोलावणाऱ्याने तुला कंटाळलेली, दमलेली, वाक्यं विसरलेली बघितलेलं असतं आणि तरी त्याला तू हवी असतेस.

गुणवत्तेबद्दल. पत्र वाचून ते कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. पण विचारायचं कुणाला, ते सांगते. मित्रमैत्रिणींना नको आणि परीक्षकांनाही नको. ज्या दिग्दर्शकाने तुला एकाहून जास्त वेळा भूमिका दिली त्याच्याकडे जा. 'मी चांगली आहे का' असं विचारलंस तर तो हो म्हणेल आणि तू हात हलवत परत येशील. 'मी कुठे अडते' असं विचार. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही, रडण्याच्या प्रसंगात खांदे वर येतात, विनोदाची वेळ चुकते, असं काहीतरी नेमकं हाती लागेल. त्यावर सहा महिने काम कर. अडलेली जागा सुटते आहे का, आणि ती सोडवताना तुला मजा येते का, हे बघ. तुझ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी तिथेच मिळेल. ते पत्र कसं ठेवायचं यात संध्याकाळ घालवून तुला कंटाळा आला नाही, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे. अनेकांना टाळ्या हव्या असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण टाळ्या वर्षातून मोजके दिवस मिळतात. बाकीचे दिवस ज्याला सहन होत नाहीत, त्याने हौशी रंगभूमीवर मनसोक्त काम करावं. ते आयुष्य कमी प्रतीचं आहे असं मी मानत नाही.

नाट्यशिक्षणाची तीन वर्षं तुला वाया गेल्यासारखी का वाटतात? राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली सुरू झालं. तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ, आणि प्रवेशासाठी पदवी लागते, नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. म्हणजे तू आता जिथे उभी आहेस, तिथूनच त्याची सुरुवात होते. इंग्लिश नट ॲलन रिकमन आधी ग्राफिक डिझायनर होते, लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या नाट्यशाळेत ते २६व्या वर्षी गेले आणि मोठ्या पडद्यावरचं त्यांचं पहिलं काम ४२व्या वर्षी आलं. अर्थात बाईच्या वयाकडे पडदा जास्त कठोरपणे बघतो, हे मी झाकणार नाही, आणि ते अन्यायाचंच आहे. तरी पंचविशीतली प्रशिक्षित अभिनेत्री विशीतल्या मुलीपासून पस्तिशीतल्या बाईपर्यंत कितीतरी भूमिका करू शकते. चांगल्या नाट्यशाळेत आवाज आणि शरीर घडतं, रोज दुसऱ्यांसमोर चुकण्याची मुभा मिळते, आणि पुढे आयुष्यभर बरोबर काम करणारी माणसं भेटतात. काम मिळण्याची हमी मात्र कुठलीच शाळा देत नाही. जी देते तिच्यापासून लांब राहा. शनिवार-रविवारच्या शिकवण्यांबद्दल निर्णय घेताना शिकवणारा स्वतः सध्या काय करतो, वर्गात किती जण असतात, आणि प्रत्येकाला आठवड्यात प्रत्यक्ष उभं राहून किती वेळ काम करायला मिळतं, एवढं विचार. प्रमाणपत्र कुठल्याही ऑडिशनला कुणी मागत नाही. प्रवेशाचा प्रयत्न नोकरी सांभाळूनही करता येतो आणि पहिल्या खेपेला नाही झाला तर पुन्हा करता येतो.

आता रोजचं. गायक मैफल नसतानाही पहाटे रियाझाला बसतो. नटाला मात्र नाटक मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायची सवय असते, ती तू लावून घेऊ नकोस. सकाळी अर्धा तास आवाज आणि शरीर. मोठ्याने वाचन, तेही शक्यतो वेगवेगळ्या काळातलं आणि वेगवेगळ्या बोलीतलं. दर पंधरवड्याला एक प्रवेश एखाद्या सहकाऱ्याबरोबर बसव आणि फोनवर चित्रित कर. प्रवेश हातात घेतलास की आधी विचार, हिला समोरच्याकडून काय हवं आहे? 'ती दुःखी आहे' यावरून करायला काहीच मिळत नाही. 'भावाला काही कळू द्यायचं नाही' म्हटलं की लगेच करण्यासारखं काहीतरी सापडतं, तुझा अंगठा त्या कागदावर तसाच गेला होता. चित्रण त्याच दिवशी बघू नकोस. दुसऱ्या दिवशी बघ, एकदा आवाज बंद करून आणि एकदा नुसता आवाज ऐकून.

हल्ली पहिली फेरी बहुतेक घरून पाठवलेल्या चित्रणावरच होते, म्हणून त्याचं तंत्र अंगवळणी पडू दे. फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर, मागे साधी भिंत, उजेड चेहऱ्यावर समोरून. छातीपासून वर दिसेल एवढीच चौकट. समोरचं पात्र वाचणारा कॅमेऱ्याला अगदी लागून उभा असावा आणि त्याचा आवाज तुझ्यापेक्षा लहान असावा. सांगितलं नसेल तर भिंगात बघायचं नाही. प्रतिध्वनी उठणारी रिकामी खोली टाळ; पडदे आणि पुस्तकं असलेल्या खोलीत आवाज चांगला येतो. फोटोंत तू आज दिसतेस तशीच दिस. फोटोतली मुलगी आणि दारातून आत आलेली मुलगी वेगळी दिसली की निवड करणाऱ्याचा विरसच होतो.

आई-बाबांशी पुन्हा बोल, पण 'मला अभिनय करू द्या' या वाक्याने सुरुवात करू नकोस. तू लिहिलं आहेस त्यावरून त्यांना नाटकाचा राग दिसत नाही, तुझ्या हातात पैसे नसतील याची धास्ती दिसते. त्यांच्यासमोर आकडे ठेव: महिन्याचा खर्च, पगार, बाजूला पडणारी रक्कम. एका वर्षाऐवजी पहिल्या तीन वर्षांचा आराखडा सांग आणि दर वर्षाअखेरीस तुम्ही तिघांनी मिळून काय बघायचं तेही ठरव. 'मोठी भूमिका मिळाली का' हे त्यात नको, ते तुझ्या हातात नाही. किती ऑडिशन दिल्या, कितींमध्ये दुसऱ्या फेरीपर्यंत गेलीस, किती नव्या माणसांबरोबर काम केलं, कुणी परत बोलावलं का, सराव चालू राहिला का, आणि तू आनंदात आहेस का, हे बघा. शेवटचा प्रश्न आईला विचारू दे, तिला तो आकड्यांशिवायही कळेल.

ज्या वाचकांना घरातून काहीच आधार नाही, उलट घरीच पैसे पाठवायचे आहेत, त्यांना माझं सांगणं हेच आहे, फक्त आधी शिल्लक आणि मग शहर. ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षं पुरेल एवढा पैसा आहे त्यांनी नोकरी नाही केली तरी चालेल, पण दिवसाची वेळ बांधून घ्यावी. मोकळा दिवस कुठे गेला ते कळत नाही आणि वर्ष त्याच वेगाने जातं.

रुजू व्हायला दीड महिना आहे. या आठवड्यात एजन्सीला नकार कळव, लेखी. त्यांच्याकडे गेलेले फोटो काढून टाकायला सांग. नियुक्तिपत्रातली कलमं एखाद्या जाणत्या माणसाबरोबर बसून वाच. गावातला किंवा शहरातला जो नाट्यगट नोकरी करणाऱ्यांना घेऊन संध्याकाळी तालमी करतो तो शोध आणि भूमिका नसली तरी तिथे जायला लाग. प्रकाश, ध्वनी, वेशभूषा, जे मिळेल ते कर, तालमी बघायला मिळतात. आणि दिग्दर्शकांना 'मी कुठे अडते' हे विचारायचा फोन सगळ्यात आधी कर, पुढचं नाटक उभं राहायला लागलं की त्यांना निवांत बोलायला वेळ मिळणार नाही.